बार्ब्रोला कोणीच वाचत नाही

बार्ब्रो हेग्लुंडनं सात कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या दोन जर्मन भाषेत गेल्या, एकीला स्टॉकहोममध्ये मोठं बक्षीस मिळालं. आणि तरी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ती मला ठासून सांगत होती की आपल्या क्वार्नसेले गावात तिचं एक अक्षर कोणी वाचलेलं नाही. मी समोर बसून कॉफी पीत होते आणि जीभ आवरत होते. गावात कोण काय वाचतं हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस म्हणजे मी.

मी गुद्रुन. बेचाळीस वर्षं या भागात ग्रंथालयाची बस चालवते. दर दुसऱ्या मंगळवारी क्वार्नसेलेच्या बंद पडलेल्या दुकानासमोर दोन तास उभी असते. मी मूळची खालची, दक्षिणेकडची. इथं लग्न केलं, तीन मुलं वाढवली, नवऱ्याला इथल्याच मातीत ठेवलं, पण गावाच्या लेखी मी अजून 'ती दक्षिणेकडची'. आणखी चाळीस वर्षं राहिले तर कदाचित नुसती 'ती' म्हणतील.

आमचा कायदा कडक आहे. वाचकानं काय नेलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. नवऱ्यानं काय नेलं ते बायकोलासुद्धा नाही. त्यामुळे गेर्दा, म्हणजे गावची भट्टीघरवाली, बार्ब्रोची कादंबरी विणकामाच्या तीन मासिकांच्या मध्ये सरकवून माझ्यापुढं ठेवायची तेव्हा मी खिडकीबाहेर बघत शिक्का मारायचे. गेर्दाचा शेजारी स्तूरे तर गावातल्या बसमधून नेतच नसे. पन्नास किलोमीटरवर तालुक्याच्या ग्रंथालयात जायचा, तिथून पुस्तक मागवायचा, आणि ते ग्रंथालय ते पुस्तक मागवायचं कुठून? माझ्याच बसमधून! मग मी ते इथून तिकडे धाडायचे आणि स्तूरे ते तिकडून इथे आणायचा. असल्या लोकांशी माझी गाठ.

बार्ब्रोचा जन्म याच गावातला, एकावन्न सालचा. बाप लाकूडतोड्या, आई दुसऱ्यांच्या गायी दोहायची. घरात पुस्तकं दोन, एक बायबल आणि एक पशुवैद्यकाचं. बार्ब्रो म्हणते, दुसऱ्यात जास्त रक्त होतं म्हणून ते आधी वाचलं. शाळा आठवीपर्यंत. मग नगरपालिकेत लागली, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं करायला. जवळजवळ पन्नास वर्षं तेच काम केलं. सकाळी सात वाजता पहिल्या घरी पायात घट्ट मोजे चढवायचे, दुसऱ्या घरी ओटची पेज आणि आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून द्यायच्या, तिसऱ्या घरी अंघोळ. प्रत्येक घराला मिनिटं ठरलेली. मोज्यांना पंधरा, पेजेला पंचवीस. कोणा साहेबानं ठरवली देव जाणे, त्याच्या आईला मोजे कोण चढवतं ते बघायला हवं होतं.

आणि या मिनिटांच्या फटीत तिनं सात कादंबऱ्या लिहिल्या. तळ्याकाठी दुधाची गाडी वळायची ती मोकळी जागा आहे. दोन घरांच्या मध्ये वीस मिनिटं मिळाली की ती तिथं नगरपालिकेची गाडी लावायची, इंजिन बंद करायची आणि मांडीवर फळी घेऊन लिहायची. कागद म्हणजे जुन्या कामाच्या वेळापत्रकांची कोरी पाठ. लिहायची शिसपेन्सिलीनं, कारण थंडीत शाई गोठते. मी बस घेऊन तिथून जायचे, तर गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या आणि मध्ये लोकरी टोपीचा एक गोंडा हलतोय. मी कधी हॉर्न दिला नाही. मला या बाईचं फार कौतुक वाटतं. तोंडावर म्हटलं की ती उठून भांडी घासायला लागते, म्हणून इथं लिहून टाकते.

तिची सगळी पुस्तकं छापायला जाण्याआधी मी वाचली. ती हस्तलिखित प्लास्टिकच्या पिशवीत घालून बसमध्ये आणून द्यायची आणि म्हणायची, "चुका काढ. बरं-वाईट सांगू नकोस." मी लाल पेन्सिल घेऊन बसायचे. या भागात चूक चालत नाही. भावना चुकली तर माफ आहे, पण नदीवरचा बर्फ कुठल्या तारखेला फुटला ते चुकलं तर तीन पिढ्या लक्षात ठेवतात.

बक्षीस मिळालं ते शहाण्णव साली. स्टॉकहोमला गेली, मावशीचा काळा कोट घालून. बक्षीस घेतलं, रात्रीच्या गाडीनं परतली आणि सकाळी सातला पहिल्या घरी मोजे चढवायला हजर. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो. त्या मंगळवारी सगळं गाव बसमध्ये येऊन गेलं. गेर्दानं तिला एवढंच विचारलं, "तिकडं पाऊस होता काय?"

"होता थोडा," बार्ब्रो म्हणाली.

"इकडं नव्हता," गेर्दा म्हणाली. झाला सत्कार!

तुम्हाला वाटेल लोक जळत असतील. तसं नाही. इथं कोणाच्या तोंडावर कौतुक करणं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं पाडणं. माझा नवरा तीस वर्षांत एकदा म्हणाला की आजचं जेवण काही वाईट नव्हतं, आणि दोन दिवस माझ्या नजरेला नजर देईना. बार्ब्रो याच मातीतली, तिला हे माहीत नसेल? पण माहीत असणं वेगळं आणि पोटात डाचणं वेगळं. त्यातून तिच्या पोटात एक खास काटा होता. त्याचं नाव हाल्वार.

बासष्ट सालची गोष्ट. डेअरीनं लहान गोठ्यांचं दूध घेणं बंद केलं आणि एका आठवड्यात गावातल्या गायी ट्रकमध्ये चढल्या. हाल्वारचा बाप ॲल्बिन, त्याच्या चार गायी. ॲल्बिन म्हणजे दगड होता. करवतीत बोट गेलं तेव्हा त्यानं बोट खिशात घातलं आणि उरलेलं झाड आधी पाडलं, असं लोक सांगतात. बार्ब्रो तेव्हा अकरा वर्षांची. आईनं तिला ॲल्बिनच्या घरी यीस्ट मागायला पाठवलं. घरात कोणी नव्हतं म्हणून ती गोठ्याकडे गेली. दार अर्धवट उघडं. आत ॲल्बिन रिकाम्या दावणीपाशी उभा, एका गायीच्या नावाची पाटी दोन्ही हातांत धरून, आणि आवाज न करता रडत होता. बार्ब्रो यीस्ट न घेता परत आली. आईचा मार खाल्ला, पण कारण सांगितलं नाही.

चोवीस वर्षांनी तिनं ते लिहिलं. तिची पहिली कादंबरी, 'दूधकट्टा'. नाव बदललं, पण चार गायी आणि तुटकं बोट असलेला माणूस गावात एकच होता. ॲल्बिन तोवर वारला होता. हाल्वार होता. पुस्तक आलं त्या महिन्यात बार्ब्रो त्याला रस्त्यात भेटली, त्यानं मान हलवली आणि पुढं गेला. तो नेहमीच मान हलवून पुढं जातो, पण बार्ब्रोनं मनाशी पक्कं केलं की हा रागावला. आपण त्याच्या बापाला गावासमोर रडवलं म्हणून. त्या दिवसापासून ती त्याच्या घरावरून जाणारा रस्ता टाळायला लागली. पुढं हाल्वारच्या आईला मदतीची गरज पडली, तर ते घर तिनं दुसऱ्या बाईला देऊन टाकलं. आपल्या कामात तिनं केलेली ही एकच चुकारपणाची गोष्ट, आणि बार्ब्रो ती विसरत नसे.

आता मी काय करू? 'दूधकट्टा' हाल्वारनं बसमधून किती वेळा नेलं ते मला ठाऊक होतं. अकरा वेळा. पहिल्यांदा शिकारीच्या मासिकाखाली, पुढंपुढं नुसतंच. नेताना बोलायचा नाही, आणताना बोलायचा नाही. रागावलेला माणूस एक पुस्तक अकरा वेळा नेईल का? पण माझं तोंड कायद्यानं शिवलेलं!

तर बार्ब्रो सहासष्टची झाली त्या वर्षीच्या ऑगस्टात आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, उकळलेली कॉफी आणि त्यात इथल्या पद्धतीप्रमाणे चीजचे तुकडे, आणि टेबलावर प्रकाशकाचं पत्र होतं. 'दूधकट्टा' नव्यानं छापायचं म्हणत होते. एकतीस वर्षांपूर्वीचं पुस्तक, कुठंच मिळत नाही, लोक मागतात. तिची सही हवी होती, नाताळच्या आत.

"नाही करणार," बार्ब्रो म्हणाली.

"का गं?"

"एकदा त्याच्या बापाला वेशीवर टांगलं, ते पुरे. पुन्हा नाही टांगणार. मरू दे ते पुस्तक."

"त्याला विचारलंस का?"

"कोणत्या तोंडानं विचारू? आणि वाचलंय कोणी इथं? गेर्दानं पान तरी उलटलंय? लिहिलं तेवढं लिहिलं. हे सातवं शेवटचं."

"तू ना, अशी गाढव आहेस..." मी म्हणाले आणि थांबले. पुढचं ओठावर आलेलं कॉफीबरोबर गिळलं.

घरी येऊन सातव्या पुस्तकाचं छपाईआधीचं अखेरचं बाड उघडलं. गावच्या भट्टीघरावरची कादंबरी. शहाण्णवाव्या पानावर माझी लाल पेन्सिल थबकली. तिनं लिहिलं होतं की भाकरीच्या भट्टीत स्प्रूसची लाकडं तडतडत होती आणि ठिणग्या छतापर्यंत उडत होत्या.

आमच्या गावात भट्टीला बर्च लागतो. दोन वर्षं वाळवलेला, साल काढलेला बर्च. स्प्रूस ठिणग्या उडवतो, कोळसा भाकरीवर पडतो, आणि स्प्रूस घालणाऱ्या बाईशी तिची आईसुद्धा बोलणार नाही. बार्ब्रोला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण तिला त्या वाक्यात ठिणग्या हव्या होत्या. लेखकाची जात ही अशी, चांगल्या वाक्यासाठी घर जाळतील.

मी पेन्सिल टेकवली. मग उचलली. मग कॉफी प्यायले. मग पेन्सिल खोक्यात ठेवली आणि बाड पिशवीत घालून तिला परत दिलं. "चुका नाहीत," मी म्हणाले. बेचाळीस वर्षांत तिच्याशी मी एकदाच खोटं बोलले, ते हे.

पुस्तक ऑक्टोबरात आलं. बसमध्ये चार प्रती होत्या, चारही पहिल्या मंगळवारी विणकामाखालून गेल्या.

नोव्हेंबरात गावाची सामाईक भट्टी पेटते, वर्षभराच्या भाकरीसाठी. दहा दिवस, घरांच्या ठरलेल्या जोड्यांनी. बार्ब्रोची जोडी वर्षानुवर्षं गेर्दाबरोबर, आणि मी नवऱ्याकडून गेर्दाची नातलग म्हणून पीठ मळायला. भाकरी लाटायची गेर्दानं, लांब काठीनं भट्टीत सोडायची बार्ब्रोनं, भाजलेल्या पातळ भाकरीच्या घड्या घालायच्या स्तूरेनं. लाकडं आणायची पाळी त्या वर्षी कोणाची ते मी यादीत बघून ठेवलं होतं. हे मात्र ग्रंथालयाच्या कायद्यात येत नाही.

सकाळचे नऊ वाजले असतील. बार्ब्रोनं एप्रन बांधलं आणि काठी उचलली. गेर्दा लाटण्यावरून मान न उचलता म्हणाली,

"तू भट्टीपासून लांब राहा. तू स्प्रूस घालशील."

बार्ब्रोच्या हातात काठी तशीच राहिली. "काय म्हणालीस?"

"ठिणग्या उडवशील म्हटलं. छतापर्यंत."

"पान त्र्याण्णव," स्तूरे घड्या घालता घालता म्हणाला.

"शहाण्णव," गेर्दा म्हणाली.

"त्र्याण्णव गं."

"शहाण्णव! त्र्याण्णववर पीठ मळतायत. वाचता येतं की नाही तुला?"

दोघांनाही एकाच वेळी कळलं की तोंडातून काय गेलं. गेर्दा कानापर्यंत लाल झाली. मी पिठात कोपरापर्यंत हात घातले आणि देवाची प्रार्थना केली की मला हसू फुटू नये.

"गेर्दा," बार्ब्रो हळूच म्हणाली, "तू वाचलंस?"

"नाही बाई. चाळलं नुसतं."

"चाळलं?"

"दोनदा," गेर्दा म्हणाली आणि मग जशी काही धरणाची फळीच काढली. "आता विषय निघालाच आहे तर सांगते, चौथ्या पुस्तकात नदीवरचा बर्फ आठ मेला फोडलास तू. एकोणसत्तर साली बारा मेला फुटला. माझं लग्न होतं, मला नको सांगूस."

"आणि तिसऱ्यात," स्तूरे म्हणाला, "तो माणूस मासे धरायला ज्या खडकावर बसतो, तिथं दुपारी सावली नसते. मी जाऊन बघितलं."

"जाऊन बघितलंस?" बार्ब्रो म्हणाली.

"दुपारीच गेलो होतो."

बार्ब्रोनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रागावावं की नाचावं ते तिला कळत नव्हतं, आणि मधल्यामध्ये डोळे भरून आले होते. मी खांदे उडवले. मी काय, मी दक्षिणेकडची.

तेवढ्यात दार ढकलून हाल्वार आत आला. कोपरापासून हनुवटीपर्यंत बर्चची लाकडं. त्यानं ऐकलं होतं की नाही कोण जाणे, पण सगळे गप्प झाले यावरूनच त्याला कळलं असावं. तो भट्टीशेजारी खाली बसला आणि एकेक लाकूड रचायला लागला.

बार्ब्रोनं एक भाकरी भट्टीत सोडली आणि काठी भिंतीला टेकवली. तिच्या जागी मी असते तर पीठ आणायच्या निमित्तानं बाहेर गेले असते. ती नाही गेली.

"हाल्वार," ती म्हणाली, "आज सगळे चुका काढतायत. तुला काढायची असेल तर तूही काढ."

त्यानं एक लाकूड ठेवलं, दुसरं ठेवलं. "कुठल्या पुस्तकातली?"

"पहिल्या."

"आहे एक," हाल्वार म्हणाला.

गेर्दाचं लाटणं थांबलं. भट्टीतली भाकरी करपायला लागली होती, वास येत होता, कोणी हललं नाही.

"तू लिहिलंयस, गोठ्यात तो एकटाच होता." हाल्वार लाकडांशीच बोलत होता. "एकटा नव्हता. मी वर होतो, गवताच्या माळ्यावर. नऊ वर्षांचा होतो. गाय नेली म्हणून रुसून बसलेलो. मग बाबा आत आले."

"तू बघितलंस?" बार्ब्रोनं विचारलं.

"श्वास धरून बसलो. बाबांना कळलं असतं तर... मेलोच असतो." त्यानं तळहात पँटला पुसले. "मला वाटायचं हे फक्त मला ठाऊक आहे. आईलासुद्धा नाही सांगितलं. चोवीस वर्षं. मग तुझं पुस्तक आलं, तेव्हा कळलं आणखी कोणीतरी होतं."

"मला वाटलं तू रागावलास माझ्यावर."

"कशाला? बरं वाटलं मला."

"मग एकतीस वर्षं बोलला का नाहीस, मेल्या!" हे मी ओरडले. मला राहवलंच नाही.

हाल्वारनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही दक्षिणेकडची अजून काही शिकली नाही. "कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. मग बार्ब्रोकडे वळून, "आणि तू येईनाशी झालीस. आई विचारायची तुझं."

बार्ब्रो पिठाच्या पिंपावर खाली बसली. गेर्दानं करपलेली भाकरी काढून बाहेर फेकली आणि नवी लाटायला घेतली, आणि त्या दिवशी करपलेल्या भाकरीवरून कोणाला एक शब्द बोलली नाही. मी तिला पन्नास जन्म ओळखत असते तरी हे खरं मानलं नसतं.

बार्ब्रोनं एप्रनला नाक पुसलं. "ते पुन्हा छापू म्हणतायत," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार होते."

"छाप की. बसमधल्या प्रतीची शिवण सुटलीय. एकशे चाळिसावं पान तर हातातच येतं," हाल्वार म्हणाला.

मी भट्टीकडे बघत राहिले.

"छापते मग," बार्ब्रो म्हणाली. "आणि तुझी चूक दुरुस्त करते. तुला माळ्यावर बसवते."

हाल्वारनं शेवटचं लाकूड रचलं. उठला, टोपी घातली, दारापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

"नको," तो म्हणाला. "बाबांना वाटत होतं आपण एकटे आहोत. त्यांना तसंच वाटू दे."